बंदुकीची राखण

...आणि वर मलाच विचारतात, 'अहो, रिटायर होऊन सहा महिने झाले, बायको नागपुरात, मुलगी नागपुरात, मग तुम्ही भोपाळात करताय काय?' काय करतोय? बंदूक सांभाळतोय! हसा, हसा. तुम्हाला सांगतो, दोन विषयांत एम.ए. केलेला माणूस जहांगीराबादेत भाड्याच्या दोन खोल्यांत कपाटासमोर खुर्ची टाकून बसलाय, आणि कपाटात दुनळी!

आता ही आली कुठून? छप्पन्न साली राज्यांची फेरमांडणी झाली, आमचं सचिवालय नागपुरातून उचलून इथं आणलं. फायली, टेबलं, कारकून आणि मी. मागून मनोरमा, म्हणजे आमची ही. नवं गाव, ओळख कुणाची नाही. आठव्या दिवशी म्हणाली, "अहो, दिवसभर एकटीला भीती वाटते हो." झालं! एखाद्या शहाण्यानं विचारलं असतं, कसली भीती? पण मी शिकलेला ना! मी अभ्यासाला लागलो. चंबळच्या डाकूंची कात्रणं चिकटवली, नकाशावर पट्टी ठेवून डाकू ते आमचं दार हे अंतर मोजलं. भाचा उदय लंडनला असतो, त्याला पत्र टाकलं. उत्तर आलं, 'मामा, इथं पोलिसाकडेसुद्धा नुसतं दांडकं असतं, आणि लोक शांत झोपतात.' बरं. शिकागोत माझा एक जुना विद्यार्थी, नोकरीआधी मी मास्तरकी करायचो तेव्हाचा, तो लिहितो, 'सर, शेजाऱ्याकडे दोन बंदुका आहेत म्हणून माझ्याकडेही दोन आहेत, आणि झोप दोघांनाही नाही.' आता यावरून माणसानं काय ठरवावं? मी तक्ता केला. देश, बंदुका, चोऱ्या, झोप. ही म्हणते, "अहो, तक्ता राहू द्या, संध्याकाळी पाचला घरी या ना." मी म्हणतो, "अगं थांब, स्वित्झर्लंड राहिलंय!"

शेवटी परवान्याचा अर्ज केला. कचेरीतला बाबू, तोंडात पान, अस्सल भोपाळी थाटात म्हणतो, "को खां, किसको मारना है?" मी म्हटलं, "किसीको नहीं, पत्नी की रक्षा के लिए." तो म्हणतो, "तो शाम को घर जाओ ना, मियां, बंदूक से सस्ते पड़ोगे!" मला वाटलं, थट्टा करतोय.

बंदूक आणली, टेबलावर ठेवली, म्हटलं, "घे! बंदूक घरात आहे, मग भीती कशाची?" तिनं बंदुकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पोळ्या लाटायला आत गेली.

शेजारच्या कमलिनीबाई दुपारी भाजी निवडायला हिच्याकडे येत. तेवढाच हिला विरंगुळा. मी सुट्टीच्या दिवशी त्यांना धीर द्यायला गेलो, "घाबरू नका हं, काडतुसं वेगळी ठेवलीयत... म्हणजे बहुतेक वेगळीच असावीत." बाई गवारीची परडी उचलून ज्या उठल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत! मग कामवाली बंद झाली. दूधवाला लांबून हाक मारून भांडं पायरीवर ठेवू लागला. दिवाळीपर्यंत आमचं घर इतकं सुरक्षित झालं, की दाराची कडी कुणी वाजवीना. आणि मी? मी निर्धास्त! कचेरीतून वाचनालयात, तिथं आठ-आठ वाजेपर्यंत. बंदूक घरात आहे, मग भीती कशाची?

गेल्या वर्षी कांचनच्या, आमच्या मुलीच्या, बाळंतपणाला ही नागपूरला गेली. गेली ती गेलीच. नातू चालायला लागला. पत्रात लिहिते, 'इथं दार दिवसभर उघडं असतं, माणसं येत-जात असतात. भीती वाटत नाही.' हे वाक्य मी... किती वेळा वाचलं, जाऊ द्या. आणि शेवटी दर खेपेला एकच ओळ, 'बंदुकीची काळजी घ्या.'

रिटायर झालो तेव्हा म्हटलं, जावं. तर परवाना मध्य प्रदेशापुरता, आणि नागपूर आता मुंबई राज्यात! बरोबर नेता येत नाही. कुलूप लावून जावं, तर चोर शिरेल. घरात चोरण्यासारखं दुसरं आहेच काय? कमलिनीबाईंचे यजमान गोपीनाथराव म्हणाले, "साहेब, ठाण्यात जमा करा, अर्ध्या तासाचं काम." खरंय हो. अर्ज लिहून ठेवलाय. सात खर्डे केले. खणात आहे.

पण तुम्हाला सांगतो... समजा, जमा केली. गाडीत बसलो. त्या उघड्या दारात जाऊन उभा राहिलो, आणि ती म्हणाली, 'का आलात?'... तर? याचा तक्ता कोणत्या देशाचा मागवू?

म्हणून बसलोय. बंदूक घरात आहे, मग... असो. एक मात्र आहे, हल्ली मी पाचच्या आत घरी असतो. रोज. तिला एकटीला सोडून कसं चालेल... बंदुकीला हो!