वहिनीच्या बहिणीची स्पर्धा

आमच्या आयगुल वहिनीची धाकटी बहीण टीव्हीवर गायली, ते तुम्हाला सांगितलंच नाही ना मी? वहिनी किर्गिझस्तानची. दादाशी लग्न करून बनशंकरीला आली त्याला वर्ष होत आलं होतं. मराठी समजायचं तिला, पण आईसमोर लाजायची. दोघींचं बोलणं 'चहा?' आणि इथल्या कानडीतलं 'सरी', म्हणजे 'बरं', याच्या पुढं जायचं नाही.

तर तुर्की घराण्यातल्या भाषा बोलणाऱ्या देशांची गाण्याची मोठी स्पर्धा असते. तिच्यात ही बहीण, नाझिरा, उतरली होती. आम्ही सगळे टीव्हीसमोर. पोरगी गायलीही झकास. पण निकाल लागला तेव्हा तिचं नाव पार तळाला. थोड्या वेळानं तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे ती हुंदके देतेय, इकडे वहिनीचे डोळे वाहतायत.

आईनं सरळ फोन हातात घेतला आणि मराठीतच सुरू केलं, "हे बघ बाळ, तुझं गाणं ऐकत बसले आणि गॅसवरचा भात करपून कोळसा झाला. मला वाससुद्धा आला नाही. लग्न झाल्यापासून माझा भात कधी करपला नव्हता, कळलं?"

वहिनीनं डोळे पुसत ते तिच्या भाषेत सांगितलं. नाझिरा हसत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" आईनं विचारलं.

"म्हणते, आता तुम्ही सगळे जेवणार काय?"

आईनं तोंड उघडायच्या आत बाबा चपला घालून दारात उभे. "तिला सांग, दर वर्षी गा. आम्ही डोसे खायला निघालो!"