चार वाजताचं तेच गाणं

मी मूळची साताऱ्याची, शिकले पुण्यात, आणि आता अकरा वर्षं इथे हार्लेम या डच शहरात, ऑफिस जवळच स्लोटरडाइकला. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. माझा नवरा अविनाश म्हणतो, हे तुला शिकावंच लागलं नसेल. तर सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून, म्हणजे दीड वर्ष, अविनाश पुण्यात आणि मी लेकीला घेऊन इथे. तिची शाळा सोडवत नाही, त्याला वडील सोडवत नाहीत.

काय सांगू तुम्हाला, इथली घरं एकाला एक चिकटलेली, आणि शेजारी हा व्हिम. ऐंशीचा असेल, पण आजोबा म्हणायची सोय नाही, इथे सगळ्यांना नावानंच हाक. रोज चार वाजले की क्लॅरिनेट काढतो आणि एकच गाणं वाजवतो. जुनं इंग्रजी प्रेमगीत, त्याचे आईवडील म्हणे त्यावर नाचायचे. तू नाहीस तर मला काही सुचत नाही, एवढाच अर्थ, तोच फिरवून फिरवून. आणि बुधवार-शुक्रवार मी घरून काम करते, तेव्हा मीटिंग नेमकी चारला.

शेवटी गेले सांगायला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून बेसनाचे लाडू नेले. इथली माणसं तोंडावर बोलतात तसं बोलायचं ठरवून गेले हो, आणि दारात म्हणाले काय, तर तुमचं वाजवणं आमच्याकडे अगदी स्वच्छ ऐकू येतं. झालं! त्याचे डोळेच भरून आले. दुसऱ्या दिवसापासून गाणं दोनदा. डबा धुऊन परत आणला, रिकामा, आणि वर विचारतो, खिडकी पण उघडी ठेवू का?

आणि अविनाश. फोनवर आमचं उरलं काय होतं, बाबांची औषधं, लेकीचे मार्क, ठेवू का, ठेव. मला भीती वाटायची, हा परत आला की आम्ही बोलणार काय. एकदा फोन चालू असताना त्यानं ते गाणं ऐकलं. म्हणाला, थांब, बोलू नकोस, होऊ दे. तेव्हापासून बुधवारी-शुक्रवारी बरोबर चारला फोन, तिकडे साडेसात, बाबांना भरवता भरवता, आणि मला म्हणतो, फोन भिंतीपाशी धर. मीटिंग पुढे ढकलून मी भिंतीला फोन लावून उभी! लग्नाला बावीस वर्षं झाली, माझं बोलणं कधी असं कान देऊन ऐकलं नाही. अहो, आहे काय एवढं त्या गाण्यात?

आता व्हिम गेलाय त्याच्या लेकीबरोबर कॅम्पिंगला, तीन आठवडे. परवा बुधवारी फोन आला, भिंत गप्प. औषधं झाली, मार्क झाले, आणि अविनाश म्हणाला, ठेवू का. मला इतका राग आला, व्हिमचा, त्याचा, सगळ्यांचाच, की मीच म्हणायला लागले ते गाणं. बेसूर, शब्द अर्धे येतात, उरलेल्या जागी नुसतं ला ला. मधेच लाज वाटून थांबले. अविनाश म्हणाला, पुढे म्हण ना. आवाज ओला होता त्याचा.

म्हणजे आज चारला परत मीच. सकाळपासून पाठ करतेय, वैताग नुसता. देव त्या व्हिमला उदंड आयुष्य देवो, आणि दुसरं गाणं शिकायची बुद्धी तेवढी देऊ नको म्हणावं.