चिमटे काढायचे नाहीत

...आणि वर गिऱ्हाइकं मलाच विचारतात, "तुमचं स्कोप कुठे गेलं हो?" कुठे गेलं! सासुरवाडीला गेलंय! माणसं जातात तसं गेलंय आणि बसलंय तिथेच मुक्काम ठोकून, परत यायचं नाव नाही! हसताय? हसा. पण तुम्हाला सांगतो, हे सगळं ठरवून चाललंय. मी कुणाचं नाव घेत नाही, पण कुठेतरी पाणी मुरतंय!

माझा धंदा माहीत आहे ना तुम्हाला? नाही? बोर्ड दुरुस्तीचा हो. पंपाचा, लिफ्टचा, कपडे धुवायच्या मशीनचा, कसलाही बोर्ड आणा. त्यात ती काळी चिप असते ना, मायक्रोकंट्रोलर, तो त्या बोर्डाचा मेंदू. आता मेंदू बिघडतो का? जवळजवळ कधीच नाही! बिघडतो तो त्याचा खुराक. पाच व्होल्ट लागतात त्याला, ते जरा घसरले की हा बेशुद्ध, परत वर आले की उठतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो, मधे काही घडलंच नाही अशा थाटात! आणि ही घसरण असते डोळ्याची पापणी लवेपर्यंत, साध्या मीटरला पत्ता लागत नाही, म्हणून स्कोप. छोट्या टीव्हीएवढा डबा, विजेची रेघ दाखवतो. त्याला दोन वायरी, प्रत्येक वायरीला एक टोचायचं टोक आणि बाजूला लोंबणारा एक चिमटा. हा चिमटा लक्षात ठेवा. मी नाही ठेवला, म्हणून तर ही वेळ आली!

तर सासूबाईंची एक कोंबडी होती. लंगडी. सगळे तिला बाईसाहेब म्हणायचे. सासूबाई बसल्या की ही बसणार, सासूबाई उठल्या की ही उठणार. सासरे म्हणायचे, "माझं एवढं या घरात कुणी ऐकलं नाही." ती अंड्यांवर बसलेली असताना तिला मांजराने नेली. अंडी तशीच, गरम. सासूबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, टोपली पोटाशी धरून स्वयंपाकघरात बसून राहिल्या. मला खरंच वाईट वाटलं हो. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी बोलून बसतो. म्हटलं, "आई, काळजी करू नका, मी आहे ना!"

सासरे म्हणाले, "तीच तर काळजी आहे."

असं बोलतात ते. पण मी पेटलो! अंडी गार व्हायच्या आत सगळं उभं केलं. थर्माकोलचा डबा, त्यात दिवा, तापमान मोजायला एक सेन्सर आणि माझ्या हातचा बोर्ड. थंडी वाढली की दिवा लागणार, ऊब झाली की विझणार. बोर्ड सुरू झाला की छोट्या पडद्यावर 'नमस्कार' असं यायचं, तेवढी हौस केली होती मी. ठेवला डबा कोठीच्या खोलीत, मांडली अंडी, लावलं बटण. नमस्कार! कोंबडी गेल्यापासून सासूबाई पहिल्यांदा हसल्या हो!

चहा घेतोय तोवर सासरे आले. "जावईबापू, ते परत नमस्कार म्हणतंय." जाऊन बघतो तर खरंच! दिवा लागायची वेळ आली की बोर्ड बेशुद्ध, दिवा बंद, पुन्हा उठतो, नमस्कार! पुन्हा बेशुद्ध, पुन्हा नमस्कार! आत अंडी गार पडतायत आणि हा हात जोडत सुटलाय! सासरे म्हणाले, "हे निवडणुकीला उभं आहे का?"

आता तुम्हीच सांगा, संशय कुणावर जाईल? अॅडॉप्टर दिला होता मेहुण्याने. "घ्या भावजी, माझ्याकडे पडूनच आहे." पडून का आहे? चांगली वस्तू कुणी पडू देतं का? मी कुणाचं नाव घेत नाही, पण ज्याने आमच्या लग्नात... जाऊ दे. धावत घरी गेलो, स्कोप आणलं. एक टोक अॅडॉप्टरच्या बाजूला, एक टोक चिपच्या पायावर, दोन्ही चिमटे त्या त्या जागच्या काळ्या वायरीला, आणि बसलो डोळ्यांत तेल घालून. रेघ सरळ! दिवा लागतोय, विझतोय, पाच म्हणजे पाच व्होल्ट, बोर्ड शहाण्यासारखा! म्हटलं झालं, मिटलं. चिमटे काढले, वायरी गुंडाळल्या, चपला घातल्या...

"जावईबापू! नमस्कार!"

अॅडॉप्टर बदलला. स्कोप लावलं, छान. काढलं, नमस्कार! मग कपॅसिटरवर संशय. तो असतो विजेची छोटी टाकी, खुराक घसरला की तूट भरून काढतो. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, अस्सल आहे, डोळे मिटून लावा." डोळे मिटून का लावा? उघडे ठेवले तर काय दिसणार होतं? बदलला. मग रिले बदलली, दिवा चालू-बंद करणारी. मग म्हटलं फ्रीजचा झटका येतोय, सासूबाईंचा फ्रीज बंद केला, दूध नासलं. मग शेजारी. तो म्हणे मोटर चालवतो. मी भिंतीला कान लावला तर पलीकडून आवाज आला, "कोण आहे?" मी कुणाचं नाव घेत नाही, पण साधा माणूस भिंतीला विचारतो का, कोण आहे म्हणून?

आणि गंमत बघा, स्कोप लावलं की बोर्ड ठणठणीत! काढलं की आजारी! म्हणजे मी बघतो तेव्हा ठीक, पाठ वळली की बिघाड. याचा अर्थ काय? कुणीतरी मुद्दाम करतंय! बायकोला म्हटलं तसं. ती म्हणाली, "अहो, माझे बाबा अंड्यांवर डूख धरतील का?" म्हटलं, "अंड्यांवर नाही, माझ्यावर!" आणि भर दुपारी मी कोठीत पिंपामागे दबा धरून बसलो. सासरे आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, डब्यावर वाकले... आणि अंड्यांना म्हणाले, "जरा दम धरा रे. तो येडा असला तरी प्रयत्न करतोय."

मी शिंकलो.

पुढचं नाही सांगत. सासरे एवढंच म्हणाले, "पिंपामागे काही सापडलं का?"

पण सासूबाई... त्या दर वेळी यायच्या, अंड्यांवर तळहात ठेवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. विचारायच्या काहीच नाहीत. ते बघणं मला सहन होईना. शेवटी ठरवलं, स्कोप लावूनच ठेवायचं, निदान ऊब तरी मिळेल. आणि तशातच त्या वाकल्या, त्यांचा हात लागून चिपकडची वायर निसटली. टोकही गेलं, चिमटाही गेला. नमस्कार! मी घाईघाईत नुसता चिमटा परत लावला. टोक तसंच हवेत लोंबतंय... आणि बोर्ड ठीक! काढला, नमस्कार. लावला, ठीक. काढला...

"अहो, अंडी गार होतायत!" सासूबाई ओरडल्या. कोंबडी गेल्यापासून पहिल्यांदा बोलल्या आणि ओरडल्या!

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला! दोन्ही चिमटे स्कोपच्या पोटात एकमेकांना जोडलेले असतात. म्हणजे एकच वायर! वीज येते लाल वायरीने आणि परत जाते काळीने. येणारीवर मी पहारा दिला, टाकी बदलली, मेहुणा बदलायचा तेवढा राहिला होता! आणि परत जायच्या वाटेकडे बघितलंच नाही. तिथे, दोन चिमट्यांच्या मधे, डाख देऊन जोडलेल्या एका टाक्याला केसाएवढी चीर. दिवा लागताना भार वाढला की वाट बंद. मी स्कोप लावलं की तेच बिचारं ती वाट जोडून देणार, आणि मलाच पडद्यावर दाखवणार, "सगळं ठीक आहे साहेब!" सगळ्या जगावर संशय घेतला, ज्याच्यावर विश्वास ठेवला तेच झाकत होतं! आणि तो टाका दिला होता कुणी? मी कुणाचं नाव घेत नाही.

आनंदाने नाचतच सासऱ्यांकडे गेलो. "बाबा, सापडलं! आता स्कोप काढतो, बोटभर वायर लावतो, झालं काम!"

त्यांनी वायरीकडे बघितलं. स्कोपकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "एवढ्या मोठ्या मशीनचं काम ही एवढीशी वायर करणार?"

"हो बाबा, ते मशीन वायरीचंच काम करतंय!"

"मग मशीन कशाला आणलंत?"

म्हटलं, ते राहू दे, निदान तो टाका पक्का करू द्या, क्षणभर बंद करतो. सासरे डब्यासमोर खुर्ची टाकून बसले. "चिमटे काढायचे नाहीत. पिल्लं बाहेर येईपर्यंत तुम्ही या खोलीत यायचं नाही." बायकोकडे बघितलं, ती म्हणाली, "बाबांचं बरोबर आहे." सासूबाईंनी तर दाराला कडीच घातली!

निघाली हो पिल्लं. मला दारातून दाखवली. त्यातलं एक लंगडत होतं, खरंच, आणि सासूबाई उठल्या की ते उठत होतं. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून." माझे डोळे भरून आले. म्हटलं, चला, सार्थक झालं, आता माझं स्कोप द्या.

सासरे आतून म्हणाले, "दुसरी अंडी मांडली सकाळीच. आता पुढच्या पिल्लांनंतर बघू."

आणि शेजाऱ्याला काय सांगतात माहीत आहे? मी स्वतः ऐकलं, भिंतीला कान लावून... म्हणाले, "मशीन फार गुणी आहे हो. मी कुणाचं नाव घेत नाही, पण बाकी काही उपयोग झाला नाही."

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणाकडे एखादं जुनं स्कोप आहे का? गिऱ्हाइकांचे बोर्ड साचलेत दुकानात. नाही, परत करीन मी, नक्की... असं काय बघताय माझ्याकडे?