सुनंदाच्या अल्बममधलं घोगरं गाणं

माझी बायको सुनंदा सॅक्सोफोन वाजवते अन् मी तिच्याच बँडात ढोलकी, हे तर तुमाला ठाऊक हाय. तिच्या नावाचा पहिला अल्बम करायला आमी सेनगावहून हिंगोलीच्या स्टुडिओत गेलो. शेवटच्या गाण्याला सॅक्सोफोनची रीड, म्हंजे तोंडात धरून फुंकायची पातळ पट्टी, चिरली, अन् दुसरी जवळ न्हाई.

स्टुडिओवाला मला म्हणाला, "राहू द्या, एवढं मी कॉम्प्युटरवर भरून देतो."

सुनंदा म्हणाली, "नाव माझं लागणार हाय ना? मग मीच वाजवते."

ओठ सुजले तरी चिरलेल्या रीडवर तिनं गाणं पुरं केलं. सूर मात्र घोगरा निघाला.

आता लग्नात लोक तेच मागतात. "अल्बममधलं घोगरं होऊ द्या."

नव्या रीडवर तसा सूर निघत न्हाई. म्हणून सुनंदा सध्या रोज बसून घोगरं वाजवायला शिकून राहिली.