‘शुद्ध’ नावाची कमांड

प्रोग्राम सरांनी बिघडवला, हे कुणी सांगितलं ताई तुम्हाला? — हाव, सगळं उदगीरच म्हणून राहिलं. बसा. तुमच्या चाकूरच्या वाचनालयाला तसलाच प्रोग्राम पायजे ना, मग ऐका आधी. रेणुकादास सर, मराठीचे रिटायर मास्तर, इथल्या रक्तदान मंडळाचे चिटणीस. रक्तदात्यांची यादी अकरा वर्षं गावोगाव फिरून जमवलेली — बाराशे नावं. म्हणाले, मुनीब, हे कंप्युटरात घाल. मी पायथॉनमध्ये एक क्लास लिहिला, म्हणजे सगळ्या कामांचा एक गठ्ठा. काळ्या पडद्यावर फाइलीचं नाव टाईप करायचं, पुढं एक शब्द — त्या नावाची मेथड, म्हणजे तेवढं काम, लगेच चालणार. ‘शोध’ म्हटलं की रक्तगट शोधणार, ‘जोड’ म्हटलं की नवं नाव जोडणार. कोणता शब्द चालवायचा, कोणता न्हाई, ही तपासणी? न्हाई घातली. दोन ओळींचं काम — कंटाळा, दुसरं काय. क्लासात असंल तो शब्द चालव, बस्स. आन् शब्द चुकला तर सगळ्या मेथडींची नावं पडद्यावर यायची, त्याची तर मला लई हुशारी वाटायची.

एक दिवस सरांचा हात चुकला. नावं आली, त्यात एक ‘शुद्ध’. मराठीचा मास्तर तो! यादीत केवळाबाईची केळाबाई झालेली, बेगमबीची बेगबी — त्यांना वाटलं, हे शुद्धलेखन सुधारत असंल. टाकलं. यादी रिकामी. — कसली मेथड? माझीच. खोटी नावं घालून तपासायचो, ती साफ करायला लिहिलेली. काढायची राहिली. — दुसरी प्रत? कागद तर कंप्युटरात भरल्यावर रद्दीत गेलेले. असती तर हे सांगत बसलो असतो का?

तिसऱ्या दिवशी शिरूर अनंतपाळहून फोन, बाळंतिणीला बी निगेटिव्ह पायजे. यादीत तसली चार माणसं होती, सरांना एकाचाही नंबर आठवंना. लातूरहून रक्त आलं, बाई वाचली — पण मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी सरांना धारेवर धरलं. मला विचारलं. मी म्हणालो, “प्रोग्राम बरोबर हाय, सरांनी नको ती कमांड दिली.” — खोटं हाय का ते? दिलीच होती ना? सरांनी माझ्याकडं बघितलंही न्हाई, राजीनामा लिहून दिला.

आता सत्तरीचा माणूस वही घेऊन एसटीनं पुन्हा तीच गावं फिरून राहिला. काल इथं आले होते. म्हणाले, “मुनीब, पुन्हा लिहून दे बाबा. या वेळी मी त्याला हात लावणार नाही.” मी चहा मागवला त्यांना. चहा! — न्हाई, चूक माझ्या ‘शुद्ध’ची होती हे न्हाई सांगितलं. कसं सांगू? ...असं बघू नका ताई. तुमचे कागद उचला, दुसरा कुणी गाठा. जा, चाकूरची गाडी निघंल.