शांततेत दिलेली दाद

— नाही हो, बॅज नाहीये, मघापासून तेच तर सांगतोय! बॅज मुलीचा आहे, मुलगी आत आहे आणि मी तिचा बाप, एवढीच माझी ओळख. मराठी ना तुम्ही? शर्टवर नागेश वाचलं, आणि मघाशी फोनवर कुणाला तरी ‘येतंय मी’ म्हणालात ना, तेव्हाच म्हटलं, हे कोकणातलं पाणी. कुठलं, राजापूर? बघा, बरोबर. मी मिरजेचा. सूर्यकांत. ऑफिस इथे दुबईत जबल अलीला, घर डिस्कव्हरी गार्डन्सला. तुमचा राहायचा कॅम्पपण जबल अलीलाच? मग शेजारीच की आपण. नाही नाही, म्हणून आत सोडा असं नाही म्हणत, तुमची नोकरी आहे, मला कळतं. मला फक्त साहेबांना भेटायचंय — ओल्डरशॉ साहेब, ते पांढरी दाढीवाले, ज्यांचं म्युझिक आहे ते. दोन शब्द बोलणार, सॉरी म्हणणार, खलास. ते याच दाराने आत जातात ना? गेले? कधी गेले? बघा, म्हणजे मी मेट्रोतून उतरून चुकीच्या गेटला गेलो तेवढ्यातच गेले. माझं सगळं असंच चाललंय कालपासून.

काल तुमची ड्यूटी होती का हो इथे? नव्हती ना? बरं झालं. नाही, म्हणजे काल असता तर तुम्हीपण ओळखलं असतं मला — ‘अरे, हाच तो’. आतले सगळे ओळखतात. सांगतो की. सांगायला काय, आता लाज राहिलीय कुठे! माझी मुलगी शुभ्रा, बारावीला आहे, इथल्या मुलांच्या ऑर्केस्ट्रात वाजवते. काय वाजवते म्हणजे — व्हायोलिन, पियानो असलं नाही, मागे उभं राहून ढोल, झांजा, घंटा, जे लागेल ते. तर हे साहेब सिनेमांना संगीत देतात, मोठं नाव आहे तिकडे, आणि स्वतः पुढे उभं राहून सगळा ऑर्केस्ट्रा चालवतातही. त्यांनी दुबईतल्या दोन शोसाठी या मुलांमधून थोडी निवडली. त्यात आमची शुभ्रा. आणि तिला काय दिलं माहितीय? एक घंटा. काशाची, वाटीसारखी, गादीवर ठेवलेली. जपानहून आणलेली, त्यांच्या गुरूंची. अख्ख्या कार्यक्रमात ती एकदाच वाजते. एकदा! बाकी वेळ पोरगी नुसती उभी. मी म्हटलं, अगं हे काय वाजवणं झालं? तर म्हणते, ‘बाबा, यू वोन्ट गेट इट.’

घरी सराव कशावर करायची सांगू? आमच्याकडे पायाला तूप चोळायची काशाची वाटी आहे ना, सासूबाईंनी दिलेली, ती उशीवर ठेवायची आणि टोला द्यायची. एक टोला, मग डोळे मिटून थांबायची, नाद पार संपेपर्यंत. मग पुन्हा एक टोला. मी ऑफिसातून दमून आलेला, मला सोफ्यावर ते टण् ऐकून डोकं उठायचं. नाही, रागावलो नाही कधी. कौतुकही नाही केलं, ते खरंय. आपल्याकडे पोराचं तोंडावर कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते, आणि पोर शेफारतं ते वेगळंच. आमचे अण्णा, माझे वडील हो, मिरजेत गाण्याची एकही बैठक चुकवायचे नाहीत, पुढच्या सतरंजीवर बसायचे. ते म्हणायचे, ‘वा’ ही फुकट वाटायची चीज नाही, आतून आली तरच द्यायची, आणि आली की मग मात्र अडवायची नाही. शुभ्रा लहानपणापासून वाजवते आणि मी एकदाही — म्हणजे ते संगीतच वेगळं ना आपल्यापेक्षा! आतून येणार कुठून? मी काय खोटं म्हणायचं होतं? तुम्ही असं बघू नका, तुम्हालापण मुलं असतील, तुम्हीपण फोनवर अभ्यास कर म्हणूनच ओरडत असाल.

हां, तर काल. सुरू व्हायच्या आधी साहेब बोलले. आणि तिथेच माझा घात झाला, नागेशराव. मला वाटलं होतं, गोरा माणूस, स्वतःची टिमकी वाजवेल. पण तो माणूस बोलला फक्त त्याच्या गुरूंबद्दल! दोन गुरू, दोघंही जपानी, दोघंही संगीतकार — होसोया आणि कुरिहारा. हा तरुणपणी त्यांच्याकडे शिकायला गेला होता. होसोया सिनेमाला संगीत द्यायचे. त्यांनी याला एक प्रसंग दिला, मुलगा घर सोडून गेलाय आणि म्हातारी त्याचं अंथरूण घडी करतेय. याने काय केलं, भरपूर व्हायोलिनं लिहिली, सगळी रडणारी. होसोयांनी खोडरबर घेतला आणि एकेक ओळ पुसली. पुसता पुसता एक बासरी उरली, तिचाही एक सूर. मग म्हणाले, आता म्हातारी दिसायला लागली. आणि ते दुसरे, कुरिहारा, ते याला समोर बसवायचे, घंटेवर टोला द्यायचे आणि विचारायचे, संपला नाद? हा म्हणायचा संपला. ते बोट वर करायचे — अजून नाही. पुन्हा टोला. महिनेच्या महिने हेच! साहेब म्हणाले, लोक माझ्या सिनेमांच्या संगीताची तारीफ करतात, पण ते मी लिहिलेलं नाही, त्या दोघांनी पुसून जे शिल्लक ठेवलं तेवढंच माझं आहे.

आता मला सांगा, ही तालीम नाही तर काय आहे? गुरू एक सूर महिनोन्‌महिने घोटून घेतो, हे आपलंच नाही का? तो नाव घेताना कानाला हात लावत नव्हता इतकंच, बाकी सगळं आपलं. मी अनुराधाला, म्हणजे मिसेसला म्हटलं, अगं हा तर घराण्याचा माणूस निघाला! माझ्या डोळ्यांत पाणी. इथे इतकी वर्षं झाली, नागेशराव, कंटेनर आणि क्लिअरन्स याशिवाय दुसरं काही ऐकलेलं नाही मी. आणि एकदम त्या एसी हॉलमध्ये, त्या मऊ खुर्चीत, मला आपलं मी मिरजेच्या सतरंजीवर बसलोय असं वाटायला लागलं.

आणि मग तो शेवटचा तुकडा. कुठल्याशा बर्फातल्या सिनेमाचा. सगळा ऑर्केस्ट्रा चढत चढत जातो आणि साहेब हात असा वर धरतात, आणि सगळं थांबतं. सगळं. हात वरच. ती शांतता हीच त्या दोन जपान्यांची देणगी, आधी सांगितलं होतं त्यांनी. त्या शांततेनंतर साहेबांचा हात खाली येतो, शुभ्राचा एक टोला पडतो, आणि कार्यक्रम संपतो. हे सगळं मला ठाऊक होतं हो! पोरीने घरी शंभरदा सांगितलं होतं. पण ते थांबले कसे, काय सांगू तुम्हाला, अगदी समेच्या तोंडाशी आणून सोडून दिलं — आणि मागे माझी पोर, ताठ उभी, हात उचललेला, डोळे साहेबांवर. इतकी सुंदर दिसत होती. आणि माझ्या तोंडून गेलं. ‘वाऽऽ! क्या बात है!’

हळू? हळू कसलं, आमच्या घराण्यात हळू कुणाला येतं! अख्ख्या हॉलने ऐकलं. रेकॉर्डिंग चालू होतं, त्यातही आलं. आणि शुभ्राने आवाज ओळखला ना बापाचा. मान वळली तिची. इकडे बघितलं तिने, माझ्याकडे, आणि तेवढ्यात साहेबांचा हात खाली आला, आणि टोला राहिला. टोलाच पडला नाही, नागेशराव. साहेब हात खाली करून उभे, ऑर्केस्ट्रा उभा, लोकांना कळेना संपलं की नाही. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या देव वैऱ्याच्याही पोराला न देवो.

मी रात्रभर विचार करतोय. त्या जपान्यांकडे शांतता ठेवतात ती ऐकायला. आपल्याकडे कलाकार थांबतो तो ऐकणाऱ्याने बोलावं म्हणून. तिथे गप्प बसलात तर कलाकाराला वाटतं, समोर दगड बसलेत. मग माझी चूक काय? नाही, चूक आहे, चूक आहेच. गुरूचं नाव ऐकलं आणि बैठक समजून बसलो. पण हे सांगू कुणाला? घरी जाताना गाडीत पोरगी कानात हेडफोन घालून बसली. आज सकाळी बोलली, ते पण दाराआडून — ‘बाबा, प्लीज डोन्ट कम टुडे.’ आणि दुपारी ऑर्केस्ट्राच्या मंजुषा मॅडमचा मेसेज आला, आज घंटा हम्माद सर, म्हणजे तिला शिकवणारे, ते वाजवतील, शुभ्रा मागे उभी राहील. बघा! एवढ्या महिन्यांचा सराव, आणि बापाच्या एका शब्दापायी काढून घेतलं त्या माणसाने. मला तेवढंच सांगायचंय त्याला, की बाबा रे, शिक्षा मला दे. मला हॉलमध्ये येऊ देऊ नकोस, मी इथे तुमच्या स्टुलावर बसतो, नागेशराव नजर ठेवतील माझ्यावर, पण तिची घंटा तिला दे. इंग्लिशमध्ये पाठ करून आलोय मेट्रोत. तुम्ही आत एक फोन तरी लावा ना. नाही जमणार? इंटरकॉमपण नाही? बरं. बरं, राहू द्या.

थांबा हां, हिचाच फोन. आत आहे ही, मुलांबरोबर पालक लागतो ना एक, म्हणून. — हां अनू, बोल. नाही, बाहेर आहे, मागच्या दारापाशी. साहेब भेटले नाहीत अजून, पण इथे आपले नागेशराव आहेत, ते — काय? — कोण म्हणालं? — काढली नाही? मग मेसेज कसा आला? — तिने स्वतः? — अगं पण का? — हां. — हां, ऐकतोय. — पुन्हा सांग. — असं म्हणाली? याच शब्दांत म्हणाली? — नाही, तू ठेव. तू तिच्याजवळ थांब. ठेव.

काही नाही. काही नाही हो. साहेबांनी काढून घेतलीच नव्हती घंटा. उलट सकाळच्या रिहर्सलला तिला म्हणाले, होतं असं, आज वाजव, वडिलांनाही घेऊन ये. शुभ्रानेच नको म्हटलं. स्वतः जाऊन घंटेची दांडी हम्माद सरांच्या हातात दिली. आईला म्हणाली, मला आता ती शांतता ऐकूच येत नाही. काल रिहर्सलपर्यंत ऐकू यायची. आता साहेबांचा हात वर गेला की मी फक्त वाट बघते, बाबा पुन्हा वा म्हणतात का. म्हणे, आयुष्यात एकदाच म्हणाले ना.

असं म्हणाली. आईला म्हणाली, मला नाही.

आता साहेबांना भेटून काय सांगू? त्यांचा काय संबंध? आत जाऊन बसलो आणि गप्प राहिलो, तर ती वाट बघत राहणार. बोललो, तर पुन्हा कालचंच. आणि घरी जाऊन आज म्हटलं, शुभ्रा, वा — तर म्हणेल, आई बोलली म्हणून म्हणताय. खोटं नसेल हो ते, पण तिला कसं पटणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं?

 

कुठलं दार? समोरचं? हो, तिकीट आहे खिशात, ते थोडंच कुणी अडवतंय. नको. तुम्ही जा, ते बघा, व्हायोलिनवाले आलेत, त्यांचे बॅज बघा. माझ्याकडे नका लक्ष देऊ. जा म्हणतो ना.