वायसरचा दात

—तर गिरणीतल्या त्या मोटारीचा आवाज असा होता: कुर्र, मग गप्प, मग परत कुर्र. चाळीस वर्षं झाली त्याला. पिठाची गिरणी, पट्टा फटफट करतोय, दळायला आलेल्या बायकांचा गलका, गिरणीवाला स्वतःशीच गातोय— आणि त्या सगळ्यात मी म्हटलं, बंद कर, बेअरिंग जातंय. म्हणाला, वेडा आहेस का. मी म्हटलं, आधी बंद कर, मग मला वेडा म्हण. झाकण उघडलं तर आतल्या गोळ्यांचा चुरा. तेव्हापासून लोक मला 'कान' म्हणतात. कानाकडे न्या, कान सांगेल. हे तू शंभरदा ऐकलंयस, माहीत आहे मला, तोंड वाकडं करू नकोस. याच दुकानात, त्याच स्टुलावर बसून सात वर्षं ऐकलंस, भावोजी भावोजी करत. आता चार वर्षं झाली, तोंडातून शब्द नाही. माझ्या बायकोशी, म्हणजे तुझ्या ताईशी, तासतासभर बोलतोस, रस्त्यावरच्या कुत्र्याशीसुद्धा बोलतोस, समोरच तर आहे तुझं दुकान, दिसतं मला सगळं. फक्त मेहुण्यापुढे आलास की दातखीळ. बरं आहे. माझ्याही कानाला तेवढाच आराम.

बसू नकोस, उभाच राहा. गाडी लाव स्टँडवर. ही टपालवालीची गाडी ना? ओळखली मी, पुढे टपालाच्या पिशवीची जाळी आहे. तिने तुझ्याकडे आणली, तुला काही सापडेना, म्हणून आलास रस्ता ओलांडून, शेपूट घालून— आणि ही काय, चिठ्ठी? मला चिठ्ठी देतोस? 'सुटताना टक. ब्रेक दाबला की टक. चालताना सीं.' अक्षर तुझंच, कोंबडीने पाय पुसल्यासारखं. बोलायला जड जातं, लिहायला नाही जात वाटतं. ठेव तिकडे. टक बघतो मी. आणि सीं-बीं काही नसतं. विजेच्या गाडीवर बसलं की लोकांना इंजिनाची धडधड ऐकू येत नाही, मग ते आपल्या मनातलेच आवाज ऐकत बसतात.

आता हे काय करतोयस? स्टँडवर चाक गरगर फिरवून काय ऐकणार आहेस? हवेत सगळीच चाकं गोड बोलतात रे. ओझं पडलं की खरं बोलतात. विसरलास ना? ब्रेक दाबून धर. हां. आता अगदी जराशी रेस दे, अंगठ्याने, मुंगीला ढकलल्यासारखी. माझं बोट इथे आहे, मधल्या नटावर. दे. टक. सोड. टक. बघ, बोटाला लागलं. मोटार कुठे आहे? चाकाच्या पोटात. चाक फिरलं पाहिजे, पण मधला एक्सल केसभरही फिरता कामा नये. त्याला जागेवर कोण धरतं? हा वायसर, नटाखालची ही चकती, वायसरचा हा एक दात, आणि तो दात फ्रेमच्या खाचेत. पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं तुला. आणि इथे दात कुठे आहे? बाहेर! वायसर उलटा! नट ढिला करतो, थांब— बघ, एक्सल हलून हलून खाच खाल्ली आहे. आणि वायर बघ, एक्सलच्या पोटातून निघते ती, पिळून पिळून रबर फाटलंय, आतलं तांबं दिसतंय. अजून आठ दिवस, फार तर दहा. दवाखान्याकडचा तो उतार आहे ना, तिथे तांब्याला तांबं लागलं असतं आणि चाक जागच्या जागी आवळलं असतं. बाई पिशवीसकट तोंडावर. मागून ट्रक असता म्हणजे संपलंच.

कोणत्या गाढवाने बसवलं हे? कोणत्या म्हणून विचारायचं तरी कशाला, गाढव समोरच उभं आहे! घाई. तुझ्या ताईला मी पहिल्यापासून म्हणतोय, तुझा भाऊ हुशार आहे, पण ढुंगणाला चटका बसल्यासारखा काम करतो. दुकान काढलंस, बरं केलंस. काढायचंच होतं तर माझ्या डोळ्यांसमोर कशाला? एवढं मोठं शहर, आणि तुला जागा मिळाली ती माझ्या दारासमोर! आणि आता एका बाईचा जीव— काय? काय दाखवतोस? बघितली की वायर. ती नाही? खाली? फ्रेमच्या दांड्याला बांधली आहे तिथे? सरक जरा, उजेड अडवतोस.

दोरा आहे.

मेणाचा दोरा. दोन वेढे आणि उलटी गाठ.

तुम्ही सगळे प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळता. दोऱ्याने— जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचो ना मी, तारांची वेटोळी दोऱ्यानेच बांधावी लागायची, ती सवय गेलीच नाही. या रस्त्यावर दुसरं कोणी बांधत नाही असं. पंक्चर होतं. मागच्या महिन्यात. मीच चाक काढलं, मीच बसवलं. आणि तू काय असा बघतोस? त्या दिवशी समोर तुझी नवी पाटी चढत होती, शिडीवर चार माणसं, तू खाली कमरेवर हात ठेवून, अजून डावीकडे, अजून डावीकडे. माझे हात इथे होते आणि डोळे तिकडे. म्हटलं, पडते का बघू. पाटी रे, माणसं नाही. तेवढा वाईट नाही मी. मग नट आवळला, चाक फिरवलं, कान लावला. काही नव्हतं. ती बाई म्हणाली, मास्तर, सीं असं काहीतरी येतंय. मी म्हटलं, बाई, तुमच्या कानात वारं शिरलंय. हसली बिचारी. गेली. आणि तुझ्याकडे आली.

म्हणजे तुला हे सापडलं होतं. दोरा बघितलास, वायसर बघितलास, आणि नटाला हातही न लावता उचलून इकडे आणलीस. तिला सांगितलंस? नाही? का नाही सांगितलंस? उपकार करतोस माझ्यावर? नको आहेत मला तुझे उपकार! कान बहिरा झाला एवढंच म्हणायचं होतं, संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात—

बहिरा नाही. तोंडातून गेलं ते माझ्या. ट्रक ऐकू येतो, दार आपटलेलं ऐकू येतं, तुझी ताई हाक मारते तीही ऐकू येते, नको असते तेव्हासुद्धा. फक्त बारीक आवाज जरा... वरचे. तुझ्या ताईने दाराची बेल काढली, माहीत आहे तुला? म्हणाली, बिघडली आहे, त्यापेक्षा लोकांनी कडी वाजवावी. मी ती बेल उघडून पाहिली. काही बिघडलेलं नव्हतं. तशीच बंद करून खणात ठेवली. तिला बोललो नाही. तीही बोलली नाही. आणि तू माझ्याकडे असं बघू नकोस, कणव नको मला, त्यापेक्षा शिव्या दे. द्यायला हव्यास. तू दुकान सोडलंस त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर मी म्हटलं होतं ना, याच्या डोक्याला दोन भोकं आहेत, कान नाहीत. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. सोडून जाणाऱ्याला काय हार घालायचे?

चार वाजता येईल ती. घड्याळ बघ. धर हा पाना. धर म्हणतो ना! तुझ्यासाठी नाही सांगत, तिच्यासाठी सांगतोय. आधी तांब्यावर नळी चढव, ती काळी, डब्यात आहे. नीट. हां. आता वायसर फिरव. दात आत. खाचेत बसला? बोटाने बघ, डोळ्याने नाही. आवळ. अजून. दे पाव फेरा अजून. हात चांगला बसलाय तुझा— घाईचाच, पण बसलाय. ब्रेक दाब. रेस दे. सोड. दे परत. नाही, काही लागत नाही बोटाला. टक गेलं.

आता ब्रेक सोड, चाक फिरू दे. मला ठाऊक आहे ती सीं कशाची असणार. एक्सल सरकला की चाक तिरकं होतं, केसभर, मग ब्रेकची डिस्क घासते. आता सरळ झालंय, म्हणजे जायला हवी. गेली का? मघाशी स्टँडवर चाक फिरवलंस तेव्हा तुझा डोळा बारीक झाला होता, मी पाहिलं, तुला ऐकू येत होती ती. आता येते का? असा ठोंब्यासारखा उभा राहू नकोस. बोलायचं नसेल तर नको बोलूस, मान हलव नुसती. अरे, पाना का ठेवलास? स्टँड कशाला काढतोस? माझ्या हाताने देऊ दे तिला, वाटलं तर माझी चूक होती असं सांगतो मी, तुझ्यासमोर सांगतो— निदान एवढं तरी— उंबरा आहे तिथे, चाक उचल— अरे, गेली का सीं? गेली का रे?